सत्रअखेरची कमाई

शिक्षकांना काय, सुट्ट्याच सुट्ट्या, असं म्हणणाऱ्यांनी सत्राच्या शेवटच्या आठवड्यात एकदा स्टाफरूममध्ये डोकावून जावं. कुणाचा आवाज बसलेला असतो. कुणाच्या बोटांची टोकं लाल शाईनं माखलेली असतात. कोपऱ्यात कुणीतरी डोळे मिटून ओठ हलवत असतं. बघणाऱ्याला प्रार्थना वाटते, पण ती बेरीज असते.

मी विज्ञान शिकवते, शिवाय एका वर्गाची वर्गशिक्षिकाही आहे. त्यामुळे माझ्या पदरात जरा जास्तच पडतं.

पहिली कमाई उत्तरपत्रिकांची. सत्रभर आपण वर्गात नेमकं काय बोलत होतो, हे याच दिवसांत कळतं, कारण ते सगळं आपल्याला लेखी परत मिळतं. न्यूटनचा तिसरा नियम लिहा, असा साधा प्रश्न होता. एकानं लिहिलं : ‘प्रत्येक क्रियेला समान व विरुद्ध दिशेने प्रतिक्रिया असते हे उतरवून घ्या मागे कोण बोलतंय.’ सलग, एकही विरामचिन्ह नाही. न्यूटननं 1687 मध्ये हा नियम छापला तेव्हा त्याचा उत्तरार्ध राहूनच गेला होता म्हणायचा. मी त्याला पूर्ण गुण दिले. अख्ख्या वर्गात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा तो एकटाच निघाला.

प्लूटोला 2006 मध्ये ग्रहांच्या यादीतून का वगळलं? त्याच्या कक्षेच्या आसपासचा परिसर त्याला मोकळा करता आलेला नाही, हे उत्तर मी फळ्यावर लिहून दिलं होतं, चौकटीत. ‘त्याने आपल्या जागेभोवतीचा कचरा उचलला नाही’, असं एकीनं लिहिलं. आता हे चूक म्हणावं तर कसं? तिच्या शेजारणीनं मात्र ‘तो फार लांब बसायचा’ असं लिहून प्रकरण मिटवलं होतं. चंद्रावर आपलं वजन सहावा हिस्साच भरतं, याचं एका मुलानं दिलेलं कारण असं : ‘तिथे खायला काही मिळत नाही.’ त्यावर फुली मारताना माझाच हात अडखळला.

एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 मध्ये विसरण्याचा आलेख मांडला. त्यासाठी त्यानं निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि त्या किती वेळात विसरतो ते मोजलं. तासाभरात अर्ध्याहून जास्त गेलं होतं. माणूस बिचारा उगाच कष्ट घेत बसला. मधल्या सुट्टीनंतरचा एखादा वर्ग घेतला असता, तर याद्या पाठ करायचाही त्रास वाचला असता आणि आलेखही बराच सरळ आला असता. सरळ म्हणजे, खाली.

मग निकालपत्रक. आडवी बेरीज आणि उभी बेरीज जुळेपर्यंत वर्गशिक्षिकेला घर नाही, हा आमचा अलिखित नियम. या वेळी फरक आला 27 चा. मी हताश होऊन बसले होते, तेवढ्यात गणिताचे सर मागून म्हणाले, “नवानं भाग जातोय ना? मग कुठंतरी आकडे उलटे पडलेत. दोन अंकांत तीनचा फरक असलेली संख्या शोधा.” हिशेबनीसांची जुनी युक्ती आहे ही, आणि ती खरंच चालते. 85 च्या जागी 58 पडले होते. ज्याचे होते त्याला बोलावून मी आनंदानं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. “बाई, 58 च राहू द्या ना. घरी एकदा 85 कळले की पुढच्या वेळीही तेवढेच मागतील.”

प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यांबद्दल फार बोलत नाही. हजेरीपटावर निम्म्यापर्यंत पोचता पोचता विशेषणं संपतात आणि पुढची मुलं आपोआप ‘प्रयत्नशील’ होतात. फक्त एक सांगते. आमच्या वर्गातल्या सर्वांत खट्याळ मुलाबद्दल मागच्या वर्षीच्या बाईंनी ‘शांत व मितभाषी’ असं लिहिलेलं सापडलं. मी थेट त्यांना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, “मी शेरे लिहीत होते ना, तेव्हा तो आठवडाभर गैरहजर होता. तो काळच तसा होता.”

सत्राच्या शेवटच्या दिवशी हरवलेल्या वस्तूंचं खोकं उपडं करतात. पाण्याच्या बाटल्या, बाटल्यांशिवाय झाकणं, एक चष्मा, आणि दरवर्षी न चुकता एकच बूट. एका पायात बूट घालून मूल घरी गेलं, तरी ना घरच्यांनी चौकशी केली ना मुलानं तक्रार, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. या वेळी तळाशी एक जेवणाचा डबाही होता. घट्ट बंद. हलवला तर आतून आवाज येत नव्हता, ही गोष्ट जास्त काळजीची होती. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. “विज्ञान तुमचं ना?”

उघडला. आत हिरवी-निळी मखमल पसरली होती, कडेला पांढरी झालर. कोणे एके काळी ते काय होतं, हे ओळखायला आता इतिहासाच्या बाई लागल्या असत्या. 1928 च्या सप्टेंबरात अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून प्रयोगशाळेत परतला, तेव्हा त्यालाही विसरलेल्या एका बशीत अशीच बुरशी दिसली होती. त्यातून पेनिसिलिनचा शोध लागला, आणि 1945 मध्ये त्याला दोघांसोबत नोबेल विभागून मिळालं. मला डबा घासायला मिळाला, तोही कुणाशी विभागून नाही. शिवाय फ्लेमिंगच्या मागे बशीची आई उभी राहून “बाई, याचं झाकण बदललंय, आमचं निळं होतं” असं म्हणत नव्हती.

भेटवस्तूही मिळतात, नाही असं नाही. एका उत्साही मुलानं आम्हा सगळ्यांना ‘जगातील सर्वोत्तम शिक्षक’ असं छापलेले मग दिले. मधल्या सुट्टीत टेबलावर ते सगळे ओळीनं मांडलेले पाहून गणिताचे सर अस्वस्थ झाले. सर्वोत्तम एकच असू शकतो, असं त्यांचं म्हणणं. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, बरोबरी झाली असेल. सर म्हणाले, सगळ्यांची बरोबरी झाली तर आपण सगळेच शेवटचेही आहोत. त्यानंतर चहा कुणालाच गोड लागला नाही. आता ते सगळे मग कपाटात आहेत, तोंडं भिंतीकडे करून.

पण या वर्षीची खरी कमाई मिळाली ती घंटा झाल्यावर. ‘मागे कोण बोलतंय’वाला तो मुलगा रेंगाळत आला आणि हातानं बनवलेलं एक भेटकार्ड पुढे केलं. वर फूल, आत वळणदार अक्षरात : ‘बाई, तुमच्यासारख्या शिक्षिका मिळणे हे आमचे भाग्य आहे. तुम्ही शिकवलेले मी आयुष्यभर विसरणार नाही.’ मी एबिंगहाउसला मनातल्या मनात खोटं ठरवलं, चष्मा पुसला आणि कार्ड पर्समध्ये ठेवायला लागले.

“बाई, ते परत द्या,” तो म्हणाला. “कार्यानुभवाचं आहे. सरांनी तपासलंय, पण ज्यांना दिलं त्यांची सही आणायला सांगितलीय.”

मी सही केली. जाता जाता सहज विचारलं, किती मिळाले?

“दहापैकी सहा,” तो म्हणाला. “सर म्हणाले, फूल छान आहे, पण मजकूर मनापासून वाटत नाही.”