तिसरा वाफा कुणी तापवला?

काल संध्याकाळी कट्ट्यावर आवाज चढले ते तिसऱ्या वाफ्यावरून. वसतिगृहामागच्या शेडमध्ये आम्ही विद्यार्थी गांडूळ खताचे चार वाफे चालवतो. परीक्षेच्या आठवड्यात तिकडे कुणी फिरकलं नाही, आणि नेमका त्याच आठवड्यात मेसमधला ओला कचरा कुणीतरी दोन बादल्या भरून एकदम तिसऱ्या वाफ्यात ओतला. त्यात शिजवलेलं, उरलेलं अन्नही होतं. रविवारी सकाळी मी गोणपाट उचललं तर आंबूस वास, आणि गांडुळं सगळी कडेला गेलेली. कोपऱ्यांत भिजलेल्या दोऱ्याच्या गुंत्यासारखे त्यांचे पुंजके, काही भिंतीवर चढलेली, काही बाहेर फरशीवर पडून सुकलेली. मधोमध हात घातला आणि पटकन मागे घ्यावा लागला, इतकं आत गरम होतं.

मी हे सांगितल्यावर मेकॅनिकलवाला म्हणाला, "म्हणून म्हणतो, मशीन बसवा. मेसचा सगळा कचरा आत, चोवीस तासांत भुगा बाहेर. परीक्षेत गांडुळं सांभाळायला वेळ कुणाला आहे?"

"तो भुगा म्हणजे बहुतेक वेळा नुसता वाळवलेला कचरा असतो," रसायनवाली म्हणाली. "पाणी लागलं की पुन्हा कुजायला सुरुवात. खत एका दिवसात होत नाही."

धाकटा पहिल्या वर्षाचा. त्याला वेगळंच कोडं पडलं होतं. "पण गांडुळं कचराच खातात ना? जास्त दिला तर जास्त खातील."

इथे दादा बोलायला लागला. तो मातीवरच संशोधन करतो. गांडुळाला दात नसतात, त्याने सांगितलं. ताजी साल त्याच्या काही कामाची नाही. आधी जिवाणू आणि बुरशी ती मऊ करतात, मग गांडूळ ती गिळतं आणि पोटातल्या पेषणीत मातीच्या बारीक कणांबरोबर दळतं. एकदम ढीग टाकला की जिवाणूंची चंगळ होते आणि ढीग तापतो. आपण पाळतो ते तांबडं आयसेनिया फेटिडा 15 ते 25 अंशांत सुखी असतं. 35 च्या पुढे मरायला लागतं. वर ते श्वास घेतं कातडीतून. ओल हवीच, पण चिखल झाला की हवा संपते आणि ते गुदमरतं. (तुकडे केले की दोन गांडुळं होतात का, हेही धाकट्याने विचारून घेतलं. होत नाहीत. डोक्याकडचा भाग कधीकधी जगतो, तेवढंच.)

मग मी हिशेब मांडला. सगळं नीट असेल तर गांडूळ दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण निम्मं खातं. आमच्याकडे चारही वाफ्यांत मिळून दहा किलो गांडुळं असतील, म्हणजे रोज फार तर पाच किलो. मेसचा ओला कचरा 80 किलोच्या खाली कधी जात नाही. तरी पहिल्या वर्षी आम्ही सगळीकडे सांगत फिरलो की मेसचा कचरा आता बाहेर जाणार नाही. मला वाटतं, वाफा तापला तो त्या शब्दापायी. गांडुळांना झेपेल तेवढंच घ्यायचं, फक्त कच्ची सालं आणि देठं, त्यावर सुका पाला, आणि बाकीच्या कचऱ्यासाठी दुसरी सोय मागायची, हे आम्ही तेव्हाच म्हणायला हवं होतं.

"आणि मेसच्या पोरांना काय शिक्षा?" मेकॅनिकलवाला अजून तिथेच होता.

"त्यांना सांगितलंय कुणी?" रसायनवाली भडकली. "सूचनांचा कागद शेडच्या आतल्या भिंतीवर आहे. बादली घेऊन येणारा दारातूनच ओतून जातो. तो कागद त्याने कधी पाहिलाच नाही."

तिचं खरं आहे. आणि ती जे बोलली नाही तेही खरं आहे. ज्यांनी वाफे सुरू केले ती बॅच पास होऊन गेली. मूठभर माल दाबला तर एक-दोनच थेंब पडावेत, खत काढताना ढीग उजेडात ठेवला की गांडुळं आपोआप तळाला जातात, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. आम्हाला ते एकेक वाफा बिघडवून कळतंय. कुणी वही ठेवली असती तर फरशीवरची ती गांडुळं वाचली असती, असं मला मनापासून वाटतं.

मेकॅनिकलवाला मशीनवरून हटला नाही, पण दाराशी वजनकाटा टांगून देतो म्हणाला. पाच किलोची खूण केलेली बादलीही तोच आणणार आहे. सूचनांचा कागद उद्या दाराबाहेर लागेल.

तिसऱ्या वाफ्यातला गरम माल आम्ही रविवारीच काढून पातळ पसरला. तळाच्या थंड थरात कोष सापडले, काडेपेटीच्या गुलाएवढे, लिंबाच्या आकाराचे, पिवळसर. एकेका कोषातून दोन-चार पिल्लं निघतात, तीनेक आठवड्यांत. म्हणजे ऐन सुट्टीत. सुट्टीच्या सहा आठवड्यांचा तक्ता मी कट्ट्यावर नेला होता. उठताना धाकट्याने पहिल्या आठवड्यासमोर नाव लिहिलं, दादाने दुसऱ्या. तिसरा आणि चौथा अजून मोकळे आहेत.