कितीला घेतला, ते सांगू नका

जुने व्हिडिओ गेम जमवायचा नाद लागला असेल तर आधी तुमचं अभिनंदन. द्राक्षबाग, शहराबाहेर घेऊन ठेवलेला प्लॉट आणि मुलाचं इंजिनिअरिंग, या तीनच मार्गांनी नाशिकचा माणूस कर्जात जातो असा आजवर समज होता. तुम्ही चौथा काढलात, तोही घरबसल्या. आता एक पथ्य तेवढं पाळा. शोकेसमधल्या डब्याकडे बोट दाखवून कुणी ‘केवढ्याला?’ म्हणालं तर आकडा जरूर सांगा, पण तो परक्या देशात परक्या माणसाने मोजलेला असावा. तुम्ही स्वतः काय मोजलेत, हा विषय तुमचा आणि तुमच्या यूपीआयचा.

असे आकडे पाठ असावे लागतात. सुरुवात ‘निन्टेंडो प्लेस्टेशन’पासून करा. ऐकणारा लगेच म्हणेल, प्लेस्टेशन तर सोनीचा! इथे तुम्ही मंद हसायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला निन्टेंडो आणि सोनी या दोन जपानी कंपन्या मिळून गेमचं एक मशीन काढणार होत्या. सोयरीक मोडली, सोनीने वेगळी चूल मांडली, आणि नमुना म्हणून बनवलेल्या मशिनांपैकी एक अमेरिकेतल्या एका दिवाळखोर कंपनीच्या अडगळीत पडून राहिलं. २००९ मध्ये त्या अडगळीचा लिलाव झाला. तिथेच कामाला असलेल्या एकाने ७५ डॉलर देऊन काही खोकी उचलली, त्यात हे निघालं. मार्च २०२० मध्ये हेरिटेज या लिलावगृहात ते ३,६०,००० डॉलरला गेलं. त्या वेळच्या भावाने अडीच कोटींच्या वर.

बस, इथे थांबा आणि चहाचा घोट घ्या. पुढचं सांगायचं नसतं. पुढचं असं, की बोली ३ लाखांवरच थांबली होती आणि वरचे ६० हजार हे लिलावगृहाचं कमिशन. शिवाय त्याआधी १२ लाख डॉलरची मागणी आली होती आणि आपणच ती नाकारली, असं खुद्द मालकच सांगतो. म्हणजे ७५ चे साडेतीन लाख झाले म्हणून टाळ्या वाजवायच्या की १२ चे ३ झाले म्हणून डोक्याला हात लावायचा, हे ज्याने त्याने ठरवावं. आपल्या पंथात टाळ्याच वाजवतात.

लासलगावच्या कांद्याच्या बातम्या वाचत वाढलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. बाजार समिती तीन भाव जाहीर करते: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. मथळा होतो तो कमाल भावाचा, जो निवडक ट्रॉल्यांना मिळालेला असतो. बाकी बहुतेक माल सर्वसाधारण भावाच्या आसपास जातो, आणि उधारी मागायला दारात येणारा मात्र मथळा वाचून आलेला असतो. जुन्या गेमच्या बाजारातही तीनच भाव आहेत. तुम्ही बोलायचं कमाल भावात, खरेदी होते सर्वसाधारण भावाच्या जरा वर, आणि विकायची वेळ आली की समोरचा किमानपासून सुरुवात करतो.

जुलै २०२१ हा तर कमाल भावाचा महिना. ९ तारखेला ‘लीजेंड ऑफ झेल्डा’ची सीलबंद कॅसेट ८,७०,००० डॉलरला गेली आणि जगातली सगळ्यात महाग कॅसेट ठरली. हा मान तिला पुरते दोन दिवस मिळाला. ११ तारखेला ‘सुपर मारिओ ६४’ची सीलबंद प्रत १५,६०,००० डॉलरला गेली, रुपयांत साडेअकरा कोटींच्या आसपास. हा गेम १९९६ चा आणि जगभरात त्याच्या एक कोटीच्या वर प्रती खपलेल्या. सील फोडलेली तीच कॅसेट आजही काही हजारांत मिळते, वर लावून खेळताही येते. कोटीवाली खेळता येत नाही. ती पारदर्शक पेटीत कोंडलेली असते आणि पेटीवर ती किती जपलेली आहे याचे दहापैकी ९.८ असे गुण छापलेले असतात. इतके गुण न खेळता मिळतात म्हटल्यावर आमच्या पिढीच्या आयांनी डोळे पुसले असते.

हे दाखले पाठ झाले की तुमच्याकडच्या वस्तूचा भाव काढायला बसा. त्यासाठी ईबे ही खरेदी-विक्रीची परदेशी वेबसाइट उघडा, वस्तूचं नाव टाका आणि सगळ्यात वरचा आकडा वहीत उतरवा. तो मागितलेला आकडा असतो. मागायला काय, आमच्या कॉलनीतले एक नाना पंधरा वर्षं झाली, जुन्या स्कूटरला चाळीस हजार मागताहेत. डाव्या बाजूला ‘विकले गेलेले’ दाखवणारी एक बारीक चौकट असते. तिच्यावर टिचकी मारली की खरोखर पैसे मोजून नेलेल्या वस्तूच तेवढ्या उरतात आणि आकडे झरकन खाली येतात. या चौकटीला चुकूनही हात लावू नका. अनेकांचे छंद तिथेच संपलेत.

आता प्रत्यक्ष खरेदी. परदेशातून काही मागवण्याआधी बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात हात साफ करून घ्या. भाजीवाल्यांच्या रांगा संपल्या की कुठेतरी गोणपाटावर जुने चार्जर, बंद घड्याळं आणि नळाच्या चकत्या मांडलेल्या दिसतील. त्यात एखादा मळकट पांढरा डबा असतो, आपण लहानपणी ज्याला नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो तो. संवाद साधारण असा होतो.

‘दादा, हा केवढ्याला?’

‘अठराशे.’

‘चालतो का?’

‘अँटिक आहे.’

यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. तरी तुम्ही दीडशे म्हणता. तो खिशातून मोबाइल काढतो आणि नेटवरचा पंचवीस हजारांचा डबा दाखवतो. म्हणजे ती बारीक चौकट न दाबायचं पथ्य त्यालाही ठाऊक आहे. शेवटी चारशेवर तुटतं, अडॅप्टर सोडून. घरी येऊन स्क्रू काढलेत की कॅसेटच्या आत सुबक चिपा दिसतील ही आशा सोडा. हिरव्या पट्टीवर काळ्या लुकणाचा एक वाळलेला थेंब असतो आणि सगळा गेम त्या थेंबाखाली. लेबलवर ‘९९९९९९९ इन १’. त्यातले खरे गेम मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरतात. तोच मारिओ तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होतो आणि त्याला नवं नाव मिळतं. आपल्याकडच्या घरांत आले ते बहुतेक असेच, निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जपानी मशिनवरून बेतलेले डबे. अशा डब्यांना परदेशातला संग्राहक विचारत नाही. तुम्ही मात्र तुमच्या डब्याला ‘दुर्मिळ भारतीय आवृत्ती’ म्हणा. शब्दाला कुठे कस्टम ड्यूटी लागते?

अस्सल भारतीय दुर्मिळ वस्तू हवीच असेल तर सेगा या जपानी कंपनीचा मेगा ड्राइव्ह हा गेमचा डबा शोधा. १९९५ मध्ये दारूच्या धंद्यात नाव असलेल्या शॉ वॉलेस कंपनीने तो आपल्याकडे आणला. आयात कर ८० टक्के होता, त्यातून वाट काढण्यासाठीच ही हातमिळवणी, तरी किंमत पडली १८,००० रुपये. त्या साली दहा ग्रॅम सोनं पाच हजारांच्या आत होतं. म्हणजे ज्या बापाने तेव्हा पोरासाठी हा डबा घेतला, त्याला त्याच पैशात सराफ बाजारातून साडेतीन तोळ्यांच्या वर सोनं आणता आलं असतं. २०२५ मध्ये सोन्याने तोळ्याला लाखाचा टप्पा ओलांडला. डब्याचं म्हणाल तर तो आज नीट चालत असला, खोकं शाबूत असलं, तरी त्याचे अर्ध्या तोळ्याइतकेसुद्धा पैसे येणार नाहीत. हे गणित स्वयंपाकघराच्या ऐकण्याच्या टप्प्यात करू नये. अगदीच विषय निघाला तर ‘सोन्यावर कॉन्ट्रा खेळता येतो का?’ असं विचारून बाहेर पडा. कॉन्ट्रा या डब्याचा नव्हता, दुसऱ्या डब्याचा होता, हे घरच्यांना माहीत नसतं.

‘गुंतवणूक’ हा शब्द वापरताना महागाई विसरायची असते. महागाई कांदा आणि सिलिंडरपुरती ठेवावी. अटारी या अमेरिकी कंपनीचा २६०० हा डबा १९७७ मध्ये १९९ डॉलरला निघाला. ती रक्कम आजच्या हिशेबात हजार डॉलरच्या आसपास जाते, आणि आज तो साधा चालू स्थितीतला डबा त्याच्या जवळपासही विकला जात नाही. विकला जाईल कसा? ते मशीन कोटींच्या घरात खपलंय. उलट जे सपशेल पडलं त्याला आज भाव. निन्टेंडोचा व्हर्च्युअल बॉय १९९५ मध्ये आला. डोळे खुपसून लाल-काळं चित्र बघायचं, मान दुखायची. वर्षभरातच कंपनीने तो गुंडाळला आणि दुकानदारांनी उरलेला माल पडेल किमतीत काढून टाकला. तोच आज लोक जपून ठेवतात. यावरून धडा घ्या आणि आज दुकानात जे कुणीही घेत नाही तेच घ्या. तीस वर्षं थांबायची तयारी ठेवा, आणि माळ्यावर ढेकूण, वाळवी, जावई यांच्यापासून ते सांभाळा.

खरेदीची किंमत ही खरी किंमत नव्हेच. समजा, तुम्ही जपानहून अस्सल फॅमिकॉम मागवला. १९८३ मध्ये तिथे १४,८०० येनला मिळायचा. आज त्यावर वस्तूची किंमत, कुरिअर आणि कस्टम असे तीन हप्ते. डबा घरी येतो. सोबतचा अडॅप्टर १०० व्होल्टचा, तुमच्या भिंतीत २३०. उत्साहाच्या भरात थेट सॉकेटमध्ये खुपसलात तर निघणारा धूर अस्सल जपानी असतो एवढंच समाधान. अडॅप्टर बदललात तरी चित्र येत नाही, कारण तो जपानी टीव्हीच्या चॅनलवर सिग्नल सोडतो, आणि ते चॅनल आपल्या टीव्हीला ठाऊकच नाहीत. मग एखादा मेकॅनिक शोधा. जुन्या दुकानांत साठी उलटलेले एखादे काका अजून सोल्डरिंगची गन घेऊन बसलेले सापडतात. ते डबा उघडतात, भिंगातून बघतात, आणि म्हणतात, ‘साहेब, यात दोन तारा काढून देतो, पण हे घेतलं कशाला?’ मजुरी माफक असते. प्रश्न महाग पडतो.

तारा निघाल्या की टीव्ही हवा. फ्लॅट टीव्हीवर मारिओ दिसेल, पण ‘डक हंट’ या बदकं टिपायच्या गेमची बंदूक चालणार नाही. ती बंदूक जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर क्षणभर उमटणारा पांढरा चौकोन ओळखते. नव्या पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटतं, आणि तेवढ्यात बंदुकीच्या लेखी बदक उडून गेलेलं असतं. तसा जाडजूड टीव्ही तुमच्याकडे होता. २०१४ च्या दिवाळीत तुम्हीच तो भंगारवाल्याला शंभर रुपयांत दिलात, वर जिन्यावरून खाली उतरवायला मदतही केलीत. आता तसाच एक तीन हजारांना मिळतोय, फक्त तो चौथ्या मजल्यावर चढवायचाय.

मग देखभाल. सेगाचा गेम गिअर हा हातात धरून खेळायचा डबा घेतलात तर आतले कपॅसिटर पाझरलेले असणार, आवाज क्षीण आणि पडदा अंधूक. ते सगळे बदलून घ्या. पांढरं प्लॅस्टिक वर्षांमागून वर्षं उजेड खाऊन पिवळं पडतं. ते उजळायला हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात. गच्चीवर कुरडयांच्या शेजारी ठेवलात तर कुठली वस्तू कुणाची यावरून सोसायटीत वाद होऊ शकतो. झेल्डाच्या कॅसेटमध्ये खेळ साठवायला गोल बॅटरी असते. ती कधीतरी संपतेच, आणि सोबत कुणा अनोळखी पोराची अर्धी सुट्टी पुसली जाते. कॅसेटवर फुंकर मात्र मारू नका. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात म्हणून निन्टेंडोनेच ती सवय सोडायला सांगितली होती. आपल्या अख्ख्या पिढीने फुंकलंय, त्यामुळे बाजारातल्या प्रत्येक जुन्या कॅसेटमध्ये थोडा आपला वाटा आहे.

हे सगळं जड वाटत असेल तर कचरा जमवा. थट्टा नाही. अटारीने १९८२ मध्ये ‘ई.टी.’ या सिनेमावरचा गेम काढला, तो आपटला, आणि न खपलेला माल १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोत पुरला गेला. २०१४ मध्ये तो उकरून काढला. नगरपालिकेने त्यातल्या ८८१ कॅसेटी प्रमाणपत्रासकट विकून एक लाख डॉलरच्या वर मिळवले, आणि एकीला तर १,५३५ डॉलर आले. पाथर्डीच्या खतप्रकल्पातल्या मंडळींनी हे वाचावं अशी माझी नम्र सूचना आहे.

राहता राहिला घरचा हिशेब. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवा. पैसे एकदम देऊ नका, दोन ॲपमधून तोडून द्या, म्हणजे कुठलाच आकडा नजरेत भरत नाही. खोकं घरी आणताना वर चिवड्याचं पाकीट ठेवा. नोटा छापणाऱ्या शहरात राहूनही आपल्याला त्या कमी पडतात, हा विषय जेवताना स्वतःहून काढू नका. तरीही एखाद्या रविवारी फडकं मारता मारता ‘अहो, हे नवीन दिसतंय’ असा आवाज येतोच. शांतपणे सांगा, मित्राचं आहे, त्याच्याकडे जागा नाही म्हणून ठेवायला दिलंय. एवढंच करा, की मित्राला आधी फोन करून ठेवा. त्याच्या कपाटात तुमच्या नावावर दोन मशीन आणि एक बंदूक आहे, आणि वहिनी परवाच तुमच्या घरी फोन करून विचारत होत्या, तुम्ही ते सामान कधी नेताय म्हणून.