माझ्या मुलाचं मत कुणीही रद्द केलेलं नाही

परवा रात्री जेवणं झाल्यावर आबांनी फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "सोन्याचं नाव मतदारयादीतनं कमी करायला लागतंय काय गं? नाहीतर आपल्यालाच दंड व्हायचा." आबा म्हणजे माझे वडील, वय 74. रोज संध्याकाळी ते आणि माझा मुलगा सोन्या रंकाळ्यावर फिरायला जातात. मुलगा 19 वर्षांचा आहे, स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे, आणि गेल्या विधानसभेला त्याने मतदान केलंय. ते मत चुकून झालं की काय, अशी भीती आबांच्या तोंडावर दिसत होती.

तो निरोप तुम्हालाही आला असेल. माझ्याकडे दोन दिवसांत चार ग्रुपवरून आला. "कोल्हापूरकरांनो, भावनेच्या भरात मत वाया घालवू नका" अशी सुरुवात. पुढचा मजकूर थोडक्यात असा: महापालिकेच्या निवडणुकीत काही पालक उमेदवारांना ऑटिझमबद्दल प्रश्न विचारतायत आणि उत्तर बघून मत द्या म्हणतायत, त्यांच्या नादी लागू नका. अशा मुलांना कायद्याने मतच नसतं. नगरसेवकाचं काम रस्ते, पाणी, गटारी. हा आजार लसी, गोळ्या आणि मोबाईलमुळे होतो, म्हणजे जबाबदारी आईबापांची. आणि आश्वासनं काय, सगळीच खोटी.

त्या "काही पालकां"मध्ये मी आहे. म्हणून उत्तर देते.

आधी मताचं बघू, कारण आबांची झोप त्यानेच उडवली. "मतिमंद व ऑटिस्टिक व्यक्तींना भारतात मतदानाचा अधिकार नाही," असं त्या निरोपात ठळक अक्षरांत आहे. साफ खोटं. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1950, कलम 16 काढून वाचा. व्यक्ती मनोविकल असेल आणि सक्षम न्यायालयाने तसं घोषित केलेलं असेल, तरच नाव यादीतून वगळता येतं. "आणि" हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे. डॉक्टरांचं प्रमाणपत्र म्हणजे न्यायालय नव्हे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, म्हणजेही न्यायालय नव्हे. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून आपण कायदेशीर पालकत्वाचा दाखला घेतो, तोही कोर्टाचा निकाल नव्हे. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या ओळखीतल्या दोन आयांनी याच भीतीने मुलांची नावं कधी नोंदवलीच नाहीत. महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. तिथे नाव असेल तर इथेही ते असलं पाहिजे. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 11 तर उलट निवडणूक आयोगांवरच जबाबदारी टाकतं, की मतदान केंद्रं आणि मतदानाची सगळी माहिती दिव्यांगांना वापरता आली पाहिजे.

आता 20 नोव्हेंबर 2024 चं सांगते. त्याआधी पंधरा दिवस आम्ही घरी तयारी करत होतो. आबांनी मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर यंत्र काढलं, चिन्हं रंगवली, बटणांच्या जागी शर्टाची निळी बटणं डकवली. सोन्याला मोठ्या आवाजाचा त्रास होतो, म्हणून बटण दाबलं की मी तोंडाने लांब "पीं" करायची. पहिले तीन दिवस त्याने कानांवर हात ठेवले. चौथ्या दिवसापासून माझ्याआधी तोच "पीं" म्हणायला लागला. केंद्रावर तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे एकटा गेला. मताची कागदी चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते, हे त्याला पाठ होतं. सात होईपर्यंत तो मोठ्याने मोजत उभा राहिला, मग बाहेर आला आणि शाई लावलेलं बोट वर धरूनच घरापर्यंत चालला. मत कुणाला दिलं मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. आबांनीही नाही.

ज्याने हा निरोप लिहिला त्याला हे माहीत नसेल. पण "शेअर करा" म्हणण्याआधी एक कलम वाचायला पाच मिनिटं लागतात, आणि तेवढं न केल्यामुळे 74 वर्षांचा माणूस नातवाचं नाव कमी करायचा फॉर्म शोधत होता. याचा मला राग आहे.

दुसरा मुद्दा: नगरसेवकाचा ऑटिझमशी संबंध काय? आधी जे कबूल करायला हवं ते करते. ही निवडणूक एका विषयाची नाही. धरणातून थेट पाईपलाईन होऊनही आमच्या भागात पाणी कधी येईल याचा नेम नसतो, खड्ड्यांबद्दल तर बोलायलाच नको, शहराची हद्दवाढ वर्षानुवर्षं लोंबकळतीय. या गोष्टी विसरून मत द्या असं मी कुणालाही म्हटलेलं नाही. पण "संबंध काय" याचं उत्तर पैशात आहे. महाराष्ट्रात प्रत्येक महापालिकेने, नगरपालिकेने, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आधी हे 3 टक्के होते. ते कशावर खर्च होणार हे अंदाजपत्रकात ठरतं, आणि अंदाजपत्रक मंजूर करतं सभागृह. सभागृहात बसतो नगरसेवक. 2020 च्या नोव्हेंबरपासून आपल्याकडे प्रशासक होता, विचारायला कुणी नव्हतं. आता दारात माणसं येतायत, तर आता नाही विचारायचं तर कधी?

आमच्या दारात एक उमेदवार आले होते. मी म्हटलं, पाच टक्क्यांतून स्पीच थेरपीला काही ठेवाल का? एका बैठकीला 500 रुपये जातात, आठवड्याला दोन. त्यांच्याबरोबरचा कार्यकर्ता पटकन म्हणाला, "ताई, व्हीलचेअर देतो की." सोन्या तेव्हा त्यांच्यासमोरच जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत होता. तो माणूस वाईट नव्हता. दिव्यांग म्हणजे व्हीलचेअर, एवढंच त्याला आजवर कुणी सांगितलेलं. आपण विचारलंच नाही तर ते तेवढंच राहणार.

आणि महापुराचं काय? 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा आम्हाला एका शाळेच्या हॉलमध्ये हलवलं. जेवण मिळालं, चादरी मिळाल्या, माणसांनी जीव तोडून मदत केली. पण हॉलभर माणसं, रात्रभर जळणाऱ्या ट्यूबा, पत्र्यावर पाऊस. सोन्या तेरा वर्षांचा होता. तो भिंतीवर डोकं आपटायला लागला, आणि कोपऱ्यातून आवाज आला, "याला आवरा." मी त्याला घेऊन जिन्याखाली बसले, त्याच्या डोक्यावरून माझी साडी ओढून घेतली आणि सकाळपर्यंत तशीच बसले. वरच्या मजल्यावर वर्ग रिकामे होते, कुलूप लावलेले. एक वर्ग उघडा ठेवायचा, दिवा बंद, दारावर पाटी. याला पैसेसुद्धा लागत नाहीत, फक्त पूर यायच्या आधी कुणीतरी यादीत लिहावं लागतं. हे काम दिल्लीचं नाही, मुंबईचंही नाही. स्थलांतराची केंद्रं गावात ठरतात.

तिसरा मुद्दा, लसी आणि गोळ्या. यावर मला फार वेळ घालवायचा नाही. लसीची भीती एका वैद्यकीय नियतकालिकातल्या 1998 च्या लेखातून पसरली. तो फक्त 12 मुलांवर बेतलेला होता आणि 2010 मध्ये त्या नियतकालिकाने तो मागे घेतला. डेन्मार्कमध्ये 6,57,461 मुलांची नोंद तपासली गेली, 2019 मध्ये निष्कर्ष आले: गोवर-गालगुंड-रुबेला लसीने ऑटिझमची जोखीम वाढत नाही. गोळ्यांचं म्हणाल तर गरोदरपणात पॅरासिटामॉल घेतल्याने ऑटिझम होतो, असं सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी बोलून दाखवलं खरं, पण स्वीडनमध्ये सुमारे 24.8 लाख मुलांचा अभ्यास आधीच झाला होता, आणि एकाच आईच्या मुलांची आपसांत तुलना केल्यावर तो संबंध उरला नाही. माझी भाची सातव्या महिन्यात आहे. हा निरोप वाचून ती ताप अंगावर काढायला निघाली होती. गरोदरपणात चढलेला ताप तसाच ठेवणं धोक्याचं असतं. गोळीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, ग्रुपला नको.

मोबाईलबद्दल अर्धं खरं आहे, ते मान्य करते. तासन् तास स्क्रीनपुढे बसलेल्या लहान मुलांचं बोलणं मागे पडू शकतं, डॉक्टर तो बंद करायला सांगतात, बरोबरच सांगतात. पण त्याने ऑटिझम होत नाही. सोन्या दोन वर्षांचा होता तेव्हा आमच्या घरात साधा बटणांचा फोन होता.

राहिलं "आश्वासनं खोटीच असतात". बऱ्याचदा असतात, हो. पण 1995 च्या अपंग कायद्यात ऑटिझमचा उल्लेखही नव्हता. 2016 च्या कायद्यात 21 प्रकारांत तो आला, त्यासोबत 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आला, नोकरीतला वाटा आला. पालकांनी वर्षानुवर्षं खेटे घातले आणि निवडून गेलेल्या माणसांनी संसदेत हात वर केले, तेव्हा ते झालं. नसीमा हुरजूक यांनी याच गावात 1984 साली अपंगांसाठी संस्था उभी केली, तेव्हाही लोक म्हणालेच असतील, याने काय होणार.

म्हणून माझे प्रश्न मी विचारणारच. पाच टक्क्यांतले गेल्या वर्षी किती खर्च झाले? थेरपीला किती देणार? पुराच्या केंद्रात शांत खोली ठेवणार का? जो उमेदवार "माहीत नाही, पण माहिती काढून सांगतो" म्हणेल आणि खरंच सांगेल, तो माझ्या लेखी बाकीच्यांच्या पुढे.

सोन्याचं नाव मी काल प्रभागाच्या यादीत बघितलं, आहे. 15 जानेवारी 2026 ला मतदान, आणि यावेळी प्रभागात एकाच वेळी चार मतं द्यायची आहेत. आबांनी माळ्यावरचा जुना पुठ्ठा काढलाय. त्यावर अजून तीन रांगा काढायच्या आहेत, आणि निळी बटणं कमी पडतायत.