रिकाम्या घाटाचा हेवा

जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ झाली तेव्हा आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पुणे जिल्ह्यातून चारशे किलोमीटरहून जास्त अंतराची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत, त्यासाठी बुजवलेले खड्डे, काळंभोर डांबर, त्यावर ओढलेले पांढरे पट्टे. एकाने व्हिडिओ टाकून मला डिवचलं, “काय रे सारागोसावाले, झालं ना आता तुझ्या स्पेनसारखं?” दुसरा लगेच खवळला. आम्ही वीस वर्षं कर भरतोय तेव्हा डांबर नव्हतं, पाहुणे आले तेव्हा बरोबर सापडलं! तिसऱ्याचं म्हणणं, रविवारी सकाळी नऊपर्यंत ताम्हिणीचा रस्ता गाड्यांना बंदच करा. चौथ्याने त्या यादीत ट्रॅक्टर आणि गुरंही घातली.

मी नऊ वर्षं स्पेनमधल्या सारागोसा शहरात राहतो आणि रविवारी सायकल चालवतो, म्हणून या वादात मला आपोआप साक्षीदार केलं जातं. खरं सांगायचं तर पाहुण्यांसाठी डांबर हा प्रकार इथेही आहे. १९३५ पासून चालत आलेली ‘वुएल्ता’ ही स्पेनची मोठी सायकल शर्यत यंदा आपल्या गावावरून जाणार असं कळलं, की कित्येक वर्षं उखडलेला रस्ता अचानक गुळगुळीत होतो आणि गावातले म्हातारे त्यावर विनोद करतात. त्यामुळे डांबरावरून मी पुण्याला नावं ठेवणार नाही.

आमची ‘ग्रुपेता’ म्हणजे सात-आठ जणांचं टोळकं. दोन शिक्षक, एक प्लंबर, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि मी. थंडीत आम्ही एब्रो नदीच्या खोऱ्यातच फिरतो. तिथे ‘सिएर्सो’ नावाचा वायव्येचा वारा असतो. बोलायला तोंड उघडलंत तर तो गालच भरतो आणि भरलेली गाडीही उलथवतो, असं रोमन लेखक काटोने बावीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. गाडीचं माहीत नाही, पण सायकल आडवी झालेली मी स्वतः अनुभवली आहे. म्हणून नियम एकच, जाताना वारा अंगावर घ्यायचा आणि येताना पाठीवर.

वसंत लागला की सकाळच्या रेल्वेत सायकली चढवून आयेर्बेला उतरायचं. १९०६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या रामोन इ काहालचं बालपण याच गावात गेलं. तिथून गायेगो नदीच्या कडेने रस्ता वर सरकतो. आधी बदामाच्या बागा आणि गव्हाची शेतं, मग एका वळणावर पलीकडच्या तीरावर रिग्लोसचे सुळके उभे राहतात. तांबड्या दगडगोट्यांचे, सुमारे तीनशे मीटर उंच, आणि त्यांच्या पायथ्याशी काडेपेटीएवढी दिसणारी घरं. वर गिधाडं घिरट्या घालतात. आमच्या लहानपणी गावाबाहेर दिसायची आणि मग कधी दिसेनाशी झाली ते कळलंच नाही, तीच ही जात म्हणून मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा सायकल थांबवून उभा राहिलो. (वेगळी जात आहे, हे काकांनी नंतर समजावलं.) पुढे ला पेन्याचं जुनं धरण, त्यावरचा अरुंद लोखंडी पूल, बोगदा आणि मग खरा चढ. पिरेनीजची बर्फाची रांग दिसते ती खिंडीत पोचल्यावरच.

डोंगरातल्या खिंडीला स्पॅनिशमध्ये ‘पुएर्तो’ म्हणतात आणि बंदरालाही पुएर्तोच. इथल्या मित्रांना याचं नवल कधी वाटलेलं नाही. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे नदीच्या पायऱ्याही घाट आणि डोंगरातली वाटही घाट, तेव्हा मात्र प्लंबर खूश झाला. आता चढ लागला की तो मागून ‘घात, घात’ असं ओरडतो. ‘घ’ आणि ‘ट’ त्याला काही केल्या जमत नाहीत, आणि त्या शब्दाचा मराठीतला अर्थ मी त्याला अजून सांगितलेला नाही.

याच घाटातला सुरुवातीच्या दिवसांतला एक प्रसंग आहे. मागे लाकडांनी भरलेला ट्रक आला. मी पुण्यात सायकल शिकलेला माणूस, मागे इंजिनाचा आवाज आला की हात आपोआप कडेच्या खडीकडे वळतो. मी कडेला घुसलो आणि ट्रकवाल्याला ‘जा पुढे’ अशी खूण केली. तो गेला नाही. वळणं संपेपर्यंत, चांगला दीड-दोन किलोमीटर, आमच्या मागे चालत्या माणसाच्या वेगाने येत राहिला. हॉर्न नाही, दिव्यांची उघडझाप नाही. सरळ रस्ता मिळाल्यावर अख्खी समोरची लेन घेऊन तो निघून गेला. वर पोचल्यावर काकांनी माझीच हजेरी घेतली. “त्याला खुणा करत जाऊ नकोस. कधी जायचं ते त्याने ठरवायचं. आणि कडेला तर अजिबात जायचं नाही. तू कडेला गेलास की त्याला वाटतं जागा आहे.”

कायदा असा आहे की सायकलला ओलांडताना मध्ये किमान दीड मीटर अंतर हवं. त्यासाठी समोरून कोणी येत नसेल तर अखंड पांढरी रेघ ओलांडायलाही मुभा आहे. एका दिशेला दोन लेन असतील तर २०२२ पासून पूर्ण लेन बदलावी लागते. नियम मोडला तर २०० युरो दंड आणि परवान्यावरचे ६ गुण जातात. मुळात मिळतात ते १२ गुण, म्हणजे तेवढेच असतील तर दोनदा चुकलं की परवाना गेला. आम्ही दोघं-दोघं जोडीने चालवू शकतो, आणि चौकात पहिला सायकलवाला शिरला की मागची सगळी रांग एकच वाहन मानली जाते. हे सगळं काही सज्जनपणातून आलेलं नाही. एका सायकलस्वाराला ट्रकने उडवलं आणि चालक न थांबता निघून गेला. त्या सायकलस्वाराच्या पत्नीने लाखो सह्या जमवल्या, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१९ मध्ये अपघातानंतर पळून जाणं हा स्वतंत्र गुन्हा झाला. आजही दर रविवारी कुणी ना कुणी दारू पिऊन गाडी चालवतो आणि दरवर्षी इथेही सायकलवाले मरतात. तरी बहुतेक चालक थांबतात, याचं एक साधं कारण मला दिसतं. सलग पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकणारा इथला इंदुराइन ज्यांनी तरुणपणी टीव्हीवर पाहिला, ती पिढी आज साठीत आहे आणि रविवारी लायक्रा घालून बाहेर पडते. पुढे धापा टाकणारा माणूस चालकाला परका वाटत नाही, कारण त्याचा स्वतःचा मामा असाच कुठल्या तरी घाटात धापा टाकत असतो.

ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा सगळ्यांनी अंगठे दिले. पुढचं लिहिलं तेव्हा कोणी काही बोललं नाही, म्हणून ते इथे जरा सविस्तर लिहितो.

हा रिग्लोसचा रस्ता उएस्का प्रांतात जातो. प्रांताचं क्षेत्रफळ १५,६३६ चौरस किलोमीटर. पुणे जिल्ह्याचं १५,६४३. जवळजवळ तंतोतंत. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाख माणसं होती. उएस्कात सव्वादोन लाखांच्या आसपास आहेत. रस्ता रिकामा असतो कारण माणसंच नाहीत. याला इथे ‘रिकामा केलेला स्पेन’ म्हणतात आणि त्यासाठी मार्च २०१९ मध्ये खेड्यापाड्यांतले हजारो लोक माद्रिदला मोर्चा घेऊन गेले होते. शाळा बंद, डॉक्टर आठवड्यातून एकदा, बस नाही. आमच्यासारख्यांना जी शांतता फोटोत पकडावीशी वाटते, तिचीच तक्रार घेऊन हे लोक राजधानीत उतरले होते.

आणि सगळेच काही पोटापाण्यासाठी गेले नाहीत. गेल्या जूनमध्ये आम्ही आइन्सापासून आरा नदीच्या काठाने ब्रोतोपर्यंत गेलो. पिरेनीजमधल्या ज्या थोड्या मोठ्या नद्या धरणाशिवाय वाहतात त्यांतली ही एक, पाणी असं निळं की चढावरही मान तिकडेच वळते. वाटेत पलीकडच्या तीरावर खानोवास नावाचं पडकं गाव लागतं. हुकूमशहा फ्रँकोच्या काळात इथे धरण बांधायचं ठरलं, १९६० च्या दशकात जमिनी ताब्यात घेतल्या, लोक हलेनात म्हणून रिकामी झालेली घरं एकेक करून सुरुंगाने उडवली. शेवटचं कुटुंब १९८४ मध्ये गेलं. आणि धरण? ते बांधलंच नाही. २००१ मध्ये पर्यावरणाच्या कारणावरून प्रकल्प निकालात काढला. आता जुन्या कुटुंबांची मुलं-नातवंडं परत येऊन दगडावर दगड रचताहेत. काही घरांवर नवी छपरं दिसली. आमच्यातला एक शिक्षक म्हणाला, किती सुंदर अवशेष आहेत. काका त्याच्याकडे बघून गप्प बसले, आणि त्या दिवशी उतारावरही ते कोणाशी बोलले नाहीत.

मला तिथे मुळशी आठवली. पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणीला जाणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याच्या मोबाइलमध्ये त्या तलावाचा फोटो असतो, माझ्याही आहे. टाटांच्या वीज प्रकल्पाच्या त्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी धरण झालं आणि भाताची खाचरं बुडाली. तिथेही जुनी माणसं हलली. फरक एवढाच की खानोवासचा रस्ता रिकामा राहिला आणि मुळशीचा शनिवार-रविवारी दुसऱ्यांच्या गाड्यांनी भरला. आमच्या ग्रुपवरच्या पाच जणांचे त्या बाजूला प्लॉट आहेत. रस्ता रिकामा करा म्हणणाऱ्यांत त्यांतले तीन.

या फेब्रुवारीत सुट्टीवर आलो तेव्हा मित्राची सायकल घेऊन पहाटे पौडच्या दिशेने निघालो. नवीन डांबर झकास होतं, यात शंका नाही. आणि नेमकं त्यामुळेच एक मिनीबस अशा वेगात आली की तिचा आरसा माझ्या कोपराला वारा देऊन गेला. मी नेहमीच्या सवयीने कडेला होतो. माझ्या पुढे एक माणूस साध्या काळ्या सायकलवर, कॅरिअरला डबा अडकवून कामावर चालला होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. त्याच्यासाठी ते रोजचंच असणार.

घरी आल्यावर मी ग्रुपवर त्याच्याबद्दल लिहिलं. राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून शाळेत जायला सायकली मिळतात, त्या मुली याच प्रकारच्या रस्त्यांनी जातात, त्यांना रविवारी नऊपर्यंत बंद ठेवलेल्या घाटाचा काय उपयोग, असंही लिहिलं. माझ्या मते मागायचं असेल तर दीड मीटर मागा, तेही दंडासकट. आणि ट्रॅक्टर, गुरं रस्त्यावर आहेत तोवर त्या गावात माणसं आहेत, त्यांना हटवायची भाषा निदान माझ्यासमोर करू नका. हेवा वाटायचा तर त्या ट्रकवाल्याचा वाटू द्या. मित्राचं उत्तर आलं, “तू फार सिरियस झालास रे.” दुसऱ्याने स्पेनमधल्या दीड मीटर अंतराच्या पाटीचा फोटो मागवला, तेवढं बरं वाटलं.

गायेगोच्या काठावरच्या एका गावात आम्ही नेहमी थांबतो. चौकातल्या झऱ्यावर बाटल्या भरायच्या आणि बारमध्ये अंडी, लाँगानिसा (इथलं सॉसेज) आणि पाव खायचा. तो बार, किराणा दुकान आणि वर दोन खोल्या, असं सगळं एकाच बाईंकडे आहे. अशी दुकानं ग्रामपंचायतीच्या मदतीवर कशीबशी तगतात. मार्चमध्ये त्यांनी काकांना विचारलं, तुम्ही फक्त रविवारीच का येता? हिवाळ्यात मंगळवार-बुधवारी दिवसभरात चार कॉफ्या जातात, असंच चाललं तर उन्हाळ्यानंतर बंद करीन म्हणाल्या. काका निवृत्त आहेत, दोन्ही शिक्षकांना बुधवारी दुपारी तास नसतात, मला घरून काम करता येतं. तेव्हा आता महिन्यातून दोन बुधवार ठरलेत. उद्या सिएर्सो ताशी साठ किलोमीटरचा सांगितलाय आणि जाताना तो सरळ तोंडावर असेल. काकांनी तरी बाईंना फोन करून सहा जणांची अंडी ठेवायला सांगितली आहेत.