जन्मात झेंडा हातात न धरलेल्या बाईचं उत्तर

परवाच्या पोस्टवर 'एक भारतीय' या नावानं कमेंट आली, ती आधी जशीच्या तशी देते, नंतर मी मोडतोड केली असं व्हायला नको. "मॅडम, ज्यांनी जन्मात झेंडा हातात धरला नाही त्यांनी झेंड्यावर लिहू नये. समलिंगींचा स्वतःचा झेंडा आहे ना, मग आमचं अशोकचक्र कशाला पाहिजे? उद्या प्रत्येक जात आपापला रंग भरून आणेल, तेव्हा काय करणार? आणि तीन वर्षांची शिक्षा ध्वजसंहितेत नाही, १९७१ च्या कायद्यात आहे. आधी वाचा, मग लिहा."

(पोस्ट ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: आमच्या गल्लीतल्या एका पोरानं पुण्याच्या प्राइडमधला, म्हणजे समलिंगींच्या मोर्चातला फोटो स्टेटसला ठेवला होता, त्यांचा सहा रंगांचा झेंडा आणि मध्ये तिरंग्यातलं निळं चक्र. त्यावरून गल्लीच्या ग्रुपवर जो धुरळा उडाला तो मी लिहिला आणि मला त्यात विटंबना दिसत नाही असं म्हटलं. एवढाच माझा गुन्हा.)

शिक्षेचं तुमचं बरोबर आहे दादा. ध्वजसंहिता २००२ ची, ती नियम सांगते, शिक्षा आहे ती राष्ट्रीय प्रतीकांचा अवमान रोखणाऱ्या १९७१ च्या कायद्यात. माझी चूक, मान्य. पण "आधी वाचा" कामून? साध्या शब्दांत सांगितलं असतं तरी कळलं असतं, मी काही अंगठाबहाद्दर नाही. आणि वाचायचंच म्हणता तर तुम्हीपण त्याच कायद्यात कलम २ खालचं पहिलं स्पष्टीकरण वाचा, झेंडा कायदेशीर मार्गानं बदलावा म्हणून कुणी टीका केली तर तो अवमान नाही असं तिथं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे कायदा करणाऱ्यांना झेंड्यावर बोललेलं चालत होतं, तुम्हाला चालेना.

आता ते पहिलं वाक्य. ते वाचून मला रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू.

माझी आई नांदेडला झेंडे शिवायला होती. बावीस वर्षं. देशात खादीचा तिरंगा तयार होतो त्या मोजक्या गावांत आमचं नांदेड आहे, कापड उदगीरचं, हे तुम्हाला माहीत असेल-नसेल. सहा बाय चार इंचाच्या टेबलावरच्या झेंड्यापासून एकवीस बाय चौदा फुटांपर्यंत. तो मोठा झेंडा पसरला की टोकं धरायला चार जणी लागायच्या, आणि सुट्टीच्या दिवशी मी आईबरोबर गेलेली असले की त्यातलं एक टोक माझ्या हातात असायचं. सात-आठ वर्षांची असेन मी. घाम आला की आई म्हणायची, हात पूस आधी, डाग पडला तर अख्खा झेंडा बाद होतो. कातरणीचा तुकडासुद्धा तिनं कधी पायाखाली येऊ दिला नाही, घरी चिंध्या म्हणून वापरायचा तर प्रश्नच नाही. तर दादा, झेंडा हातात धरला नाही म्हणजे नेमकं काय? डीपीला लावला नाही म्हणून?

आणि एक सांगा. ३० डिसेंबर २०२१ ला संहितेत दुरुस्ती झाली, मशीनवरचा, पॉलिस्टरचा झेंडा चालेल असं ठरलं. पुढच्या ऑगस्टला घरोघरी तिरंगा लागला, आमच्याही गच्चीवर लागला, मी नाही म्हणत नाही, लोकांनी लई हौसेनं लावले. पण आईनं तो हातात घेऊन दोन बोटांत चुरगाळून बघितला आणि काही न बोलता परत दिला. तिच्यासाठी झेंडा त्या दिवशी बदलला. सूत गेलं, चरखा गेला, मग राहिलं काय? तेव्हा तुम्ही कुठं होतात? तेव्हा "आमचा झेंडा" म्हणून एक ओळ लिहिली का कुठं? तेव्हा कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत, एका पोरानं रंगीत कापडावर चक्र काढलं की लगेच दुखावल्या. म्हणजे दुखतंय ते झेंड्यासाठी का त्या पोरासाठी, हे स्वतःला विचारा. मला सांगू नका.

त्यांचा वेगळा झेंडा आहे हे खरं, १९७८ ला सॅन फ्रान्सिस्कोत निघाला, गिल्बर्ट बेकरनं केला. दक्षिण आफ्रिकेत त्याच रंगांत तिथला राष्ट्रध्वज मिसळून झेंडा केलाय. पोलंडमध्ये २०१८ ला इंद्रधनुष्यावर त्यांच्या राजचिन्हातला पांढरा गरुड काढला तर गृहमंत्र्यांनीच तक्रार केली. दोन्हीकडची माणसं आपापल्या देशावर प्रेमच करतात म्हणे.

आपल्याकडचं बघायचं तर मद्रास हायकोर्टाचा मार्च २०२१ चा निकाल बघा, तिरंग्याचा, वर अशोकचक्र असलेला केक कापला म्हणून गुन्हा होत नाही असा. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश. त्याच न्यायमूर्तींनी त्याच वर्षी जूनमध्ये एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन मुलींच्या प्रकरणात समलिंगींना पोलिसांचा त्रास होऊ नये म्हणून आदेश दिले, आणि त्याआधी आपल्याला हा विषय समजत नाही म्हणून स्वतः समुपदेशकाकडे जाऊन बसले. हायकोर्टाचा जज म्हणतो मला समजत नाही, शिकतो. आपल्याला मात्र सगळं जन्मतःच समजलेलं.

जातीजातीच्या रंगाचं म्हणाल तर त्याला काही अर्थ नाही, फाटेच फोडायचे म्हटलं की कशालाही फुटतात.

काल तुमची कमेंट आईला वाचून दाखवली, फोटोपण दाखवला. तिनं चष्मा लावून मोबाइल जवळ घेतला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, चक्र मधोमध बसलं नाही गं, डावीकडं सरकलंय, आमच्याकडं असा पास झाला नसता. मग म्हणाली, पोरगं कुणाचंय? सांगितलं. बरंय का ते, एवढंच विचारलं तिनं.

शिक्षेची ओळ पोस्टमध्ये दुरुस्त केलीय. पुढची कमेंट खऱ्या नावानं टाका, नाहीतर उडवीन.