टाइल आणि तांबडा रस्सा

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात शहाबादी फरशी होती. गुलबर्ग्याकडची, करडी, ये-जा करून मधोमध गुळगुळीत झालेली. मे महिन्यात तिच्यावर पालथं पडलं की पंखा लावायची गरज नसे. यंदा जेवताना मी "फरशी बदलूया" असं सहज बोलून गेलो, आणि घरातल्या प्रत्येकाला पाय असतात हे मला तेव्हा कळलं.

मेहुण्याला मार्बल पाहिजे होता. (फरशी आमची, पसंती त्याची.) पण मार्बल हा शेवटी चुनखडीचाच भाऊबंद, लिंबू-चिंच सांडली की चकाकी गेलीच. आमच्यात लिंबू पिळलं की निम्मं ताटात, निम्मं जमिनीवर. बाद. मुलीला लाकडासारखं लॅमिनेट हवं होतं. जुलैत इथं डब्यातले पापड सादळतात, लॅमिनेट फुगायला कितीसा वेळ? ग्रॅनाइटचं नाव काढताच बाबा म्हणाले, "म्हणजे ओट्यावरनं चालायचं?"

राहिल्या मोरबीच्या टाइल्स. दोन बाय चारची चकचकीत टाइल बघून आई म्हणाली, "आरसं घातल्यात की रं! पावसातनं आलं आणि घसरलं तर माकडहाड तू बसवणार हाईस काय?" मग खरखरीत मॅट फिनिश काढलं.

दुकानदार रंगात आला. "व्हिट्रिफाइड हाय साहेब, अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. डागाचा विषयच नाही."

"अहो, हे पाण्याचं सांगतायत," बायको माझ्या कानाशी लागली. "आपल्यात पाणी सांडतंय कुठं?"

पुढच्या रविवारी ती तांबड्या रश्श्याचा डबा घेऊनच दुकानात आली. वरचा लालभडक कट पळीनं टाइलवर ओतला आणि खुर्ची ओढून बसली. अर्धा तास. दुकानभर वास सुटला. मार्बल बघायला आलेलं एक कुटुंब जेवायच्या गोष्टी करत निघून गेलं. कामावरचा पोरगा हळूच म्हणाला, "वहिनी, भाकरी आणल्यासा काय?" शेवटी साबणाच्या फडक्यानं पुसलं. टाइल स्वच्छ! तुटफुटीसाठी दहा टक्के जादा धरून ऑर्डर दिली.

काम संपत आलं तेव्हा मिस्त्रीनं विचारलं, "सांधं कशानं भरू? साधं व्हाइट सिमेंट का इपॉक्सी?" इपॉक्सीचा दर ऐकला. आणि इतक्या दिवसांत घरात कुणालाही न विचारता मी एकमेव निर्णय घेतला. "साधंच भरा."

पहिल्याच रविवारी पातेलं कलंडलं. टाइल पुसली, लख्ख. पण स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत सगळे सांधे तांबडे-पिवळे, जणू कुणी नकाशावर हद्दी आखल्या आहेत. घासून ब्रश झिजला, रंग हलला नाही. तावातावानं दुकान गाठलं.

दुकानदारानं शांतपणे चहा सांगितला.

"साहेब, रश्श्याचं तुम्ही टाइलला विचारलासा," तो म्हणाला, "सांध्याला कुठं विचारलासा?"