भिंतीचा फोटो काढताना

पुण्यात २०२३ च्या जानेवारीत जी-२० या देशांच्या गटाची बैठक झाली. त्याआधी रस्त्याकडेच्या भिंती रंगवून घेतल्या गेल्या आणि तेव्हापासून आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद धुमसतो आहे: पानाच्या पिचकाऱ्यांपेक्षा हे बरं, की हा पैशांचा चुराडा? मी बर्लिनला राहतो, म्हणून दोन्ही बाजू मलाच पंच नेमतात.

माझी तक्रार दोघांबद्दलही एकच आहे. चित्रात काय आहे, ते कुणी काढलं, हे कुणीच विचारत नाही. फोटो येतात तेही नुसत्या रंगांचे.

बर्लिनची भिंत उभी होती तेव्हा लोक चित्रं काढायचे ती पश्चिमेच्या अंगाला. पूर्वेकडे भिंतीजवळ फिरकायचीही बंदी, त्यामुळे ती बाजू कोरी. १९९० मध्ये देशोदेशीच्या चित्रकारांनी म्यूलेनश्ट्रास या रस्त्यावरची हीच पूर्वेची बाजू रंगवली, हे कळल्याशिवाय त्या चित्रांचं मोल कळत नाही. तिथल्या, सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह आणि पूर्व जर्मनीचे नेते होनेकर यांच्या चुंबनाच्या चित्रापुढे आज सेल्फीसाठी गर्दी असते. पण ते १९९० चं मूळ चित्र नव्हे; २००९ मध्ये दिमित्री व्रुबेल यांनी ते नव्याने रंगवलं. फोटोखाली साल नसेल तर हे समजणार कसं?

बर्लिनच्याच क्रॉइत्सबर्ग भागात ब्लू या चित्रकाराची दोन प्रचंड चित्रं होती. परिसर झपाट्याने महाग होत चालला, तेव्हा त्याचा निषेध म्हणून २०१४ च्या डिसेंबरात चित्रकाराच्याच संमतीने दोन्हींवर काळा रंग फासला गेला. आता त्यांचे फक्त फोटो उरलेत. त्यातही माझ्या लेखी मोलाचे ते, ज्यांत समोरची मोकळी जागा आणि तिथला माणसांचा वावर दिसतो.

आपल्याकडे उड्डाणपुलांखाली वारली आकृत्या सर्रास दिसतात. मूळ वारली चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लग्नघरात सुवासिनी काढतात, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, मधोमध पालघट ही सुफलतेची देवी. वारली चित्रांतला तारपा या फुंकवाद्याभोवतीचा नाच तेवढा उचलून रस्त्याकडेची किनार करायची आणि वारली माणसाला कामाला बोलवायचंच नाही, हे मला खुपतं. ‘छान’ की ‘उधळपट्टी’ या भांडणात हा प्रश्न येतच नाही.

म्हणून घरच्यांना माझी विनंती आहे. पुढचा फोटो काढाल तेव्हा दोन पावलं मागे सरका. शेजारची टपरी, मागची वस्ती, कोपऱ्यातली सही येऊ द्या, तारीख लिहा. रंगवणारा तिथे भेटलाच तर त्याचं नाव विचारा, आणि मजुरी हातात पडली का, तेही.